उतार शाबूत आहे का?

‘सॉनिक’ या सेगा कंपनीच्या व्हिडिओ गेम मालिकेच्या चाहत्यांमधला वाद फिरून फिरून दोन वाक्यांपाशी येतो. ‘खरा सॉनिक १९९४ मध्येच संपला’ हे एक. ‘हे खेळ चांगले कधी नव्हतेच, तुम्हाला फक्त बालपणाचं वेड आहे’ हे दुसरं. मधली माणसं मग आपापल्या लाडक्या खेळाची बाजू घेऊन भांडतात, कुणी ‘अ‍ॅडव्हेंचर २’ची, कुणी ‘अनलीश्ड’ची, अलीकडे कुणी ‘फ्रंटियर्स’ची. तीन दशकांहून जास्त चाललेल्या मालिकेबद्दल इतकं टोकाचं बोललं जातं याचं मला नवल वाटत नाही, कारण एकाच निळ्या पात्राच्या नावावर किमान चार-पाच वेगवेगळ्या जातीचे खेळ निघालेले आहेत. पण त्या सगळ्यांना लावून पाहावी अशी एक कसोटी आहे, आणि ती कंट्रोलर हातात घेतल्यावर दहा मिनिटांत लावता येते. उतारावर काय होतं ते बघायचं.

पहिला ‘सॉनिक द हेजहॉग’ जून १९९१ मध्ये सेगाच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलवर, म्हणजे अमेरिकेत ज्याला जेनेसिस म्हणत त्यावर आला. प्रोग्रॅमिंग युजी नाकाचं, पात्र नाओतो ओशिमाचं, लेव्हल्स हिरोकाझु यासुहाराच्या. या खेळाचं मूळ नाकाच्या एका गणिती युक्तीत आहे. वक्र रेषेवरून आकृती न अडखळता सरकवण्याची ती युक्ती होती, आणि तिच्यावर बेतलेल्या सुरुवातीच्या नमुन्यात एक वेगवान पात्र अंगाचा चेंडू करून लांबलचक वळणावळणाच्या नळीतून गडगडत जायचं. ओशिमाचं पात्र आणि यासुहाराच्या लेव्हल्स त्या कल्पनेवर नंतर चढल्या. पाया उताराचा होता.

चाहत्यांनी या मूळ खेळांचा कोड उलगडून आकडे बाहेर काढले आहेत, आणि मला ते आकडे एखाद्या चांगल्या बंदिशीच्या नोटेशनसारखे वाटतात. खेळ सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, या गतीने चालतो. पुढचं बटण दाबलं की दर फ्रेमला वेगात ०.०४६८७५ पिक्सेलची भर पडते. सपाट जमिनीवर धावण्याचा कमाल वेग ६ पिक्सेल प्रति फ्रेम. भागाकार केला तर १२८ फ्रेम येतात. उभ्या जागेवरून पूर्ण वेगाला पोचायला सॉनिकला दोन सेकंदांहून थोडा जास्तच वेळ लागतो. जगातलं सगळ्यात वेगवान म्हणून मिरवलेलं हे पात्र वेग घ्यायला चक्क आळशी आहे! थांबायचं असेल तर मात्र उलट बटण दाबताच दर फ्रेमला ०.५ वेग कमी होतो, म्हणजे कमवायला दोन सेकंद आणि गमवायला १२ फ्रेम. या विषमतेतच खेळाची सगळी गंमत भरलेली आहे, कारण हातात आलेला वेग जपावासा वाटतो.

आता उतार. धावताना उताराचा परिणाम ०.१२५ गुणिले कोनाची साइन इतका असतो, चढावर वजा आणि उतरणीवर अधिक. चेंडू होऊन गडगडताना हाच आकडा बदलतो. चढावर तो ०.०७८१२५ होतो आणि उतरणीवर ०.३१२५, म्हणजे बरोबर चौपट. ६ च्या वेगाने ४५ अंशांच्या उतरणीला लागलात आणि नुसते धावत राहिलात, तर सेकंदभरात वेग ११ च्या आसपास जातो. त्याच जागी खालचं बटण दाबून चेंडू झालात तर तो १८ च्या जवळ पोचतो. पडदा ३२० पिक्सेल रुंदीचा आहे, तेव्हा १८ च्या वेगाला हे अख्खं जग १८ फ्रेममध्ये मागे पडतं. हे वेगाचं बटण नाही. जमीन बघायची, कुठे चेंडू व्हायचं आणि कुठे पायावर यायचं ते ठरवायचं, आणि तसं जमलं की बक्षीस म्हणून वेग मिळतो.

पहिल्याच खेळात याला एक खोड होती, आणि ‘पहिला भागच सर्वोत्तम’ म्हणणाऱ्यांनी ती मान्य करायला हवी. उतारावरून वेग ६ च्या वर गेला आणि तुम्ही पुढचं बटण दाबून ठेवलं असेल, तर खेळ तो वेग छाटून परत ६ वर आणायचा. उत्साहाने बटण दाबून धरणाऱ्यालाच दंड! बटण सोडून गडगडत गेलात तरच वेग टिकायचा. १९९२ च्या ‘सॉनिक २’मध्ये जमिनीवरचं हे बंधन गेलं आणि ‘सॉनिक ३’मध्ये हवेतलंही निघालं. शिवाय ‘२’मध्ये स्पिन डॅश आला. खाली दाबून उडीचं बटण टपाटप दाबायचं आणि सोडायचं, की जागेवरून ८ ते १२ चा वेग मिळतो. लूपच्या, म्हणजे उभ्या गोल वळणाच्या, पायथ्याशी वेग संपला तर पहिल्या भागात मागे जाऊन पुन्हा धाव घ्यावी लागायची. ती कटकट मिटली. पण स्पिन डॅशनेच पुढे येणाऱ्या बूस्टचं, म्हणजे एका बटणाने मिळणाऱ्या वेगाचं, बी पेरलं असंही मला वाटतं, कारण न कमावलेला वेग इथे पहिल्यांदा फुकट मिळाला.

‘सॉनिक म्हणजे वेग’ ही जाहिरातीची ओळ आहे. पहिल्या खेळातला मार्बल झोन उघडून बघा (झोन म्हणजे खेळाचा एक टप्पा, त्याचे भाग ते अ‍ॅक्ट). लाव्हावर तरंगणारा दगड, वरखाली होणारे टोकदार ठोकळे, आणि तुम्ही उभे राहून वाट बघताय. लॅबिरिंथ झोन तर जवळजवळ सगळा पाण्यात आहे, तिथे दर काही पावलांवर हवेच्या बुडबुड्यासाठी ताटकळायचं. वर स्क्रॅप ब्रेनचा तिसरा अ‍ॅक्ट पुन्हा लॅबिरिंथच्याच रूपात येतो. सहा मुख्य झोनपैकी दोन तर सरळसरळ संथ आहेत. ‘जुना सॉनिक’ म्हणून ज्याची आठवण काढली जाते तो बऱ्याच अंशी ग्रीन हिल, स्टार लाइट आणि दुसऱ्या भागातला केमिकल प्लँट आहे. बाकीचं लोक सोयीने विसरतात.

जुन्या खेळांचं समर्थन करताना मी रचनेकडे बोट दाखवेन. ‘२’ आणि ‘३’मधल्या बहुतेक अ‍ॅक्टमध्ये वर, मध्ये आणि खाली अशा वाटा एकावर एक रचलेल्या आहेत. वरची वाट जलद आणि मोकळी असते, पण तिथे टिकून राहणं अवघड. चुकलात की खालच्या वाटेवर पडता, आणि ती संथ, काट्यांची, शत्रूंनी भरलेली असते. चुकीची शिक्षा मरण न होता आडवाट होते. याला रिंगांची, म्हणजे वाटेत गोळा करायच्या सोनेरी कड्यांची, जोड आहे. हातात एक जरी रिंग असली तरी मार खाऊन सॉनिक जगतो. मार बसला की सगळ्या रिंगा जातात, त्यातल्या जास्तीत जास्त ३२ पडद्यावर विखुरतात आणि चार-एक सेकंदांत नाहीशा होतात, तेवढ्यात गोळा करा. वेगात धावणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही, म्हणून त्याला चुका परवडल्या पाहिजेत, हा विचार त्यामागे आहे. ‘पुढचं दिसतच नाही, मग खेळायचं कसं?’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. तिचं उत्तर रिंगांत आहे आणि दुसऱ्या खेपेला तीच लेव्हल खेळण्यात आहे. पाठ झालेली लेव्हल पहिल्या खेपेपेक्षा जास्त आनंद देते अशी ही बांधणी आहे. ज्यांना एकदाच खेळून खेळ बाजूला ठेवायचा असतो त्यांना ती पटत नाही, आणि त्यांचं चुकतं असंही नाही.

चुकतं तिथे मात्र चुकतंच. ‘सॉनिक ३’मधल्या कार्निव्हल नाइट झोनच्या दुसऱ्या अ‍ॅक्टमधलं ते लाल-पांढरं पिंप घ्या. त्यावर उभं राहिलं की ते थोडं वरखाली हलतं. खेळाडूला वाटतं, उड्या मारून ते आणखी हलवायचं, आणि उड्यांनी ते थोडंफार हलतंही, म्हणून गैरसमज पक्का होतो. खरा उपाय उडीत नाहीच. पिंपावर नुसतं उभं राहायचं, ते खाली जाताना खालचं बटण धरायचं, वर येताना वरचं. झोके वाढत जातात आणि खालची वाट उघडते. तोवरच्या खेळात कुठेही वर-खाली बटणांनी एखादी वस्तू हलवायला शिकवलेलं नाही. दहा मिनिटांची मुदत संपते आणि कितीतरी खेळाडूंचा खेळ तिथेच थांबतो. हा रचनेचा सरळ दोष आहे, त्याला ‘पूर्वीचे खेळ अवघडच असायचे’ म्हणून पांघरूण घालू नये. ‘२’च्या मेट्रोपोलिस झोनमध्ये उतरण्याच्या नेमक्या जागेवर बसवलेले शत्रू याच पंगतीतले.

त्रिमितीतला वाद आणखी गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे दोघं भांडतात तेव्हा ते बऱ्याचदा एक खेळ खेळलेलेच नसतात. ‘सॉनिक अ‍ॅडव्हेंचर’ डिसेंबर १९९८ मध्ये जपानात सेगाच्या ड्रीमकास्ट या कन्सोलवर आला. २००३ मध्ये निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर त्याची ‘डीएक्स’ आवृत्ती निघाली, आणि नंतरच्या डाउनलोड आवृत्त्या त्या ‘डीएक्स’वरून झाल्या. ड्रीमकास्टवर पात्रांवर पडणारा प्रकाश प्रत्येक जागेच्या वातावरणाप्रमाणे बदलायचा. ‘डीएक्स’मध्ये ती व्यवस्था गेली, पात्रं प्लॅस्टिकसारखी चकाकू लागली, काही दृश्यं सपाट झाली आणि नवे ग्लिच, म्हणजे तांत्रिक बिघाड, शिरले. फ्रेमरेट वाढवला, पण तो स्थिर ठेवता आला नाही. ‘दिसायला भिकार आहे’ म्हणणारा ‘डीएक्स’ बघून बोलतो, ‘काय देखणा होता’ म्हणणारा ड्रीमकास्टवरचा आठवतो. दोघंही खरं बोलतात. चाहत्यांनी पीसी आवृत्तीसाठी ड्रीमकास्टचं रूप परत आणणारा मोड, म्हणजे खेळावर चढवायचा बदल, बनवला आहे. या खेळावर मत द्यायचं असेल तर आधी तो बसवा, मग बोला. कॅमेरा भिंतीत अडकतो ते मात्र सगळीकडे सारखंच आहे, त्याला प्रकाश जबाबदार नाही.

हीच गोष्ट पहिल्या भागाचीही झालेली आहे. युरोपातले मेगा ड्राइव्ह सेकंदाला ५० फ्रेमवर चालायचे, आणि पहिला सॉनिक त्यासाठी जुळवून घेतलेला नव्हता. सगळा खेळ सहाव्या हिश्श्याने संथ आणि संगीतही तसंच ओढलेलं. ‘इतका काही वेगवान नव्हता तो’ असं कुणी म्हणालं तर त्याची आठवण खोटी आहे असं धरून चालू नका.

‘अ‍ॅडव्हेंचर २’ (२००१) आवडीने खेळणारे नक्कल्स या दुसऱ्या पात्राच्या स्टेज मात्र टाळतात, आणि का ते नेमकं सांगता येतं. पहिल्या ‘अ‍ॅडव्हेंचर’मध्ये पाचूचे तीन तुकडे शोधायचे असत आणि रडार तिन्हींचा माग एकाच वेळी द्यायचं. जो जवळ असेल तो वाजायचा. दुसऱ्यात रडार एका वेळी एकाच तुकड्यावर बोलतं, ठरलेल्या क्रमाने. तिसऱ्या तुकड्याच्या अगदी शेजारून गेलात तरी पहिला सापडेपर्यंत ते मुकं राहतं. त्यात स्टेज अवाढव्य केल्या, मेटिअर हर्डसारख्या. मोकळा भटकून शोध घेण्याचा आनंद होता, तो एका बदलाने नाहीसा झाला. पण सॉनिक आणि त्याचा प्रतिस्पर्धी शॅडो यांच्या स्टेज, पाच वेगवेगळी उद्दिष्टं, ए-ते-ई श्रेणी आणि मिळवायचे १८० एम्ब्लेम म्हणजे बिल्ले यांनी जो खेळाडू एकदा पकडला तो सुटला नाही. सिटी एस्केप आजही हातात बसते.

२००६ मध्ये पुन्हा ‘सॉनिक द हेजहॉग’ याच नावाने आलेल्या खेळाबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. नाताळच्या हंगामात विक्रीला आणायची घाई, नाकाचं सेगा सोडणं, निन्टेन्डोच्या ‘वी’ कन्सोलवरच्या खेळासाठी गटाची झालेली फाळणी, ही कारणं सगळ्यांना पाठ आहेत. परिणाम मात्र जवळून पाहण्याजोगे आहेत. गावातल्या माणसाशी बोला, की लोडिंग. दोन वाक्यं येतात, पुन्हा लोडिंग. छोटंसं काम करा, निकाल, परत लोडिंग. सिल्व्हर या प्रतिस्पर्धी पात्राबरोबरच्या लढतीत तो सॉनिकला हवेत धरून फेकतो, रिंगा उडतात, आणि तुम्ही उठून बटण दाबायच्या आत पुन्हा धरतो. रत्नांच्या शक्तीचं मीटर रिकामं होतच नाही, म्हणून जांभळं रत्न घेऊन हवेतल्या हवेत उड्या मारत अख्खी स्टेज ओलांडता येते. शेवटचा हात फिरवायला वेळ न मिळालेला हा खेळ आहे. त्यातलं संगीत आणि काही स्टेजचे आराखडे पाहून चाहत्यांनी तो स्वतःच नव्याने बांधायला घेतला, यावरून आत काही धड होतं हे कळतं.

त्यानंतरचा बूस्टचा काळ. ही कल्पना २००५ च्या ‘सॉनिक रश’मध्ये आली आणि २००८ च्या ‘अनलीश्ड’ने ती त्रिमितीत नेली. एक बटण दाबलं की क्षणात पूर्ण वेग, आणि वाटेतले शत्रू आपोआप बाजूला. इथे १२८ फ्रेमची मेहनत संपली आणि उताराचं काम नजरेला सुखावण्यापुरतं उरलं. जुन्या मंडळींचा आक्षेप हाच आहे आणि तो रास्त आहे. तरी ‘जनरेशन्स’ (२०११) हा माझ्या मते मालिकेतल्या सर्वोत्तम तिघा-चौघांत बसतो. नऊ स्टेज, प्रत्येकीचा एक अ‍ॅक्ट जुन्या पद्धतीचा आणि एक बूस्टचा. बूस्टच्या अ‍ॅक्टमध्ये कसब वेगळं लागतं. वळणावर ड्रिफ्ट कधी सोडायचा, बाजूला झटकन कधी सरकायचं, बूस्ट कुठे राखून ठेवला तर वरची आडवाट धरता येते, हे सगळं शर्यतीच्या खेळासारखं घोटावं लागतं. त्याला उताराच्या कसोटीवर नापास करून उपयोग नाही. ‘अनलीश्ड’ची खरी अडचण रात्रीच्या स्टेजमधली मारामारी आणि पदकं ही आहे. दिवसाची पुढची स्टेज उघडायला सूर्यपदकं हवीत, ती पुरेशी नसली तर मागे जाऊन कोपरे धुंडाळायचे. वेगाच्या खेळात खेळाडूला झाडाझडतीला लावलं.

कसोटी खरी कामाला येते ती ‘सॉनिक ४’च्या पहिल्या भागावर. ऑक्टोबर २०१० मध्ये तो आला तेव्हा नावातच ‘४’ होता, म्हणजे ‘३’चा वारस असल्याचा दावा. आता मूळ खेळात काय होतं ते बघा. हलक्या उतारावर सॉनिक उभा राहू शकतो. पण साधारण ४५ अंशांहून खड्या जागी वेग २.५ च्या खाली गेला की पाय सुटतात, ३० फ्रेम डावं-उजवं बटण चालत नाही आणि तो घसरतो. उतारावरून उडी मारली तर ती जमिनीशी काटकोनात जाते. हवेत बोट उचललं तरी पुढची झेप बऱ्यापैकी टिकते. ‘४’मध्ये सॉनिक उभ्या भिंतीवर खुशाल थांबून राहतो, हवेत बटण सोडलं की दगडासारखा सरळ खाली येतो, आणि गडगडताना वेग वाढायच्या ऐवजी मरतो. चित्रं जुनी आणि हात परका. तो राग वरवरच्या आठवणींचा नव्हता, बोटांचा होता.

सात वर्षांनी ‘सॉनिक मेनिया’ आला. तो बनवणाऱ्यांत ख्रिश्चन व्हाइटहेड होता, जो चाहत्यांच्या गोतावळ्यातूनच वर आला. त्याने स्वतःच्या इंजिनावर आधी ‘सॉनिक सीडी’ची नवी आवृत्ती सेगासाठी केली, मग पहिल्या दोन भागांच्या मोबाइल आवृत्त्या, आणि मग ‘मेनिया’. त्यातला ड्रॉप डॅश मला फार विचारपूर्वक केलेला वाटतो. हवेत उडीचं बटण पुन्हा दाबून धरायचं, जमिनीला टेकताच सॉनिक गडगडत सुटतो. उडीत गेलेला वेग परत मिळतो, पण उतरण्याची जागा तुम्ही आधी हेरलेली असावी लागते. उतार त्यात पुन्हा कामाला लागला. वारशाबद्दल बोलताना मी ‘मेनिया’चं नाव पहिलं घेतो, कारण आकडे मोजत बसलेल्या माणसांनी हा वारसा जपला आणि मालकाने तो त्यांच्याच हातात दिला, असं खेळांच्या दुनियेत क्वचित घडतं.

उतार असला म्हणजे सगळं आलं असंही नाही. २०२३ चा ‘सुपरस्टार्स’ ओशिमाच्या आर्झेस्ट कंपनीने सेगाबरोबर केला. चाल, गडगडणं, उडी, सगळं जागेवर आहे. पण प्रत्येक बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू, एक फटका खाऊन लांब पळतो, आपले हल्ले दाखवत राहतो, आणि तुम्ही पुढचा फटका मारायची पाळी येईपर्यंत ताटकळता. मूळ खेळांत ग्रीन हिलचा बॉस आठ फटक्यांचा आहे. नेम धरून भराभर मारले तर काही सेकंदांत संपतो. इथे कितीही चांगलं खेळा, लढाई लवकर संपवायची मुभा नाही.

‘ओरिजिन्स’ या २०२२ च्या संग्रहाने वेगळाच घोळ केला. तो आला तेव्हा पहिल्या भागांच्या बऱ्याच सुट्या आवृत्त्या दुकानांतून काढून घेतल्या, आणि ‘सॉनिक ३’मध्ये आइसकॅप, कार्निव्हल नाइट आणि लाँच बेस यांचं संगीत बदललेलं निघालं. नव्याने आलेला खेळाडू आइसकॅप खेळेल तेव्हा त्याला वेगळीच धून ऐकू येईल, आणि जुने लोक मूळ धुनेबद्दल इतकं का बोलतात ते त्याला कळणार नाही. पुढच्या वादाची ही तयारीच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘चांगला कधी नव्हताच’ म्हणालं, तर त्याला ६० फ्रेमची आवृत्ती द्या आणि ‘सॉनिक २’ लावा. एमराल्ड हिलचा पहिला अ‍ॅक्ट. पहिली लांब उतरण येईपर्यंत धावू द्या, तिच्या तोंडाशी खालचं बटण दाबायला सांगा, आणि मग अंगठा बटणावरून पूर्ण उचलायला सांगा.